बावीस खोकी

"तुझ्या पोरीच्या नखांत कधी खळ दिसत नाही गं," असं तिचे बाबा दोनदा म्हणाले होते. जन्मभर पुस्तकबांधणी केलेला माणूस. त्यांची नजर माणसाच्या तोंडाआधी हातांवर जायची. "बाबा, आता खळ नसते, ग्लू स्टिक असते. ती हाताला चिकटत नाही," असं सांगून तिनं ते हसण्यावारी नेलं होतं.

आता ती एका बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शेजारी तिची लेक ठकी, साडेपाच वर्षांची. समोर हातांच्या डॉक्टरीणबाई. शाळेतून चिठ्ठी आली होती: वर्गात कात्री धरत नाही, रंगवत नाही, हात मांडीवर ठेवून बसून राहते, पहिलीत बसवण्याआधी कुणाला तरी दाखवून घ्या. मोबाइलवर नको नको ते आजार वाचून झाले होते. दुपारी झोपलेल्या पोरीची बोटं एकेक करून उघडून-मिटून बघून झाली होती.

"मूठ आवळ. शाब्बास. आता चिमटीत हा मणी धर. आता माझं बोट ओढ बघू, जोरात."

ठकीनं असं ओढलं, की डॉक्टरीणबाई कळवळल्या. "अगं अगं, तोडतेस काय!" मग आईकडे वळून म्हणाल्या, "हात ठणठणीत आहेत हिचे."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मी सांगतच होते शाळेत. घरी तर सगळं करते हो. हे बघा ना!"

तिनं मोबाइल पुढे केला. दर महिन्याला घरी एक खोकं येत असे. आत कागद, कापड, मणी, लोकर आणि कसं करायचं त्याची चित्रं. वय तीन ते सहा. गेल्या बावीस महिन्यांची बावीस खोकी आणि त्यांचे बावीस फोटो. कापसाची मेंढी, पुठ्ठ्याची आगगाडी, पिसापिसांचं घुबड. प्रत्येक वस्तू हातात धरून ठकी हसतेय. खाली घरच्यांचं कौतुक. आत्यानं लिहिलं होतं, 'आमच्या घराण्यात असे हात कुणाचेच नव्हते!' मामानं लिहिलं होतं, 'आईवर गेली नाही, नशीब.'

डॉक्टरीणबाईंनी फोटो सावकाश पाहिले. घुबडापाशी थांबल्या, ते मोठं करून पाहिलं. "सुंदर. इतकं रेखीव तर मलाही जमायचं नाही."

मग त्यांनी खणातून एक बोथट टोकाची छोटी कात्री काढली आणि गोल आखलेला एक कागद. दोन्ही ठकीसमोर ठेवलं. "एवढा गोल काप बघू मला."

ठकीनं कागदाकडे बघितलं. कात्री उचलली. ठकीनं ती कात्री आईच्या तळहातावर ठेवली. त्यावर कागद ठेवला. मग स्वतःच्या केसांतली पिन नीट केली, फ्रॉक गुडघ्यांवर ओढला आणि हात मांडीवर घेऊन ताठ बसली.

"तू कर ना, बाळा."

"आधी आई करते."

"आणि तू?"

"मी शेवटी असते," लहान मुलाला समजवावं तसं ठकीनं बाईंना समजावलं.

"शेवटी काय करतेस?"

ठकीनं मान किंचित डावीकडे कलती केली, दोन्ही हातांत काहीतरी धरल्यासारखं केलं आणि दात दाखवून हसली. थेट फोटोतलं हसू. तेवढंच, तसंच.

"नाही, म्हणजे..." आई घाईनं म्हणाली, "पहिल्या खोक्याच्या वेळी तीच करत होती. पण मेंढीचे डोळे पाठीवर चिकटवले तिनं. सगळं सामान वाया गेलं असतं हो! मी फक्त काढून नीट लावले. आणि खोक्यावरच लिहिलेलं असतं ना, मोठ्यांच्या देखरेखीखाली..."

"लांडगा मागून येतो ना," ठकी म्हणाली. "म्हणून लावले होते."

आईला ते डोळे आठवले. ओल्या फडक्यानं पुसून, कापूस फाटू न देता तिनं ते सोडवले होते. तेव्हा पोरगी काय म्हणत होती, ते मात्र काही केल्या आठवेना. काहीतरी म्हणत होती खरी.

डॉक्टरीणबाईंनी आईच्या हातातली कात्री हळूच काढून घेतली. "तुम्ही जरा बाहेर बसा. मी बोलवेपर्यंत आत यायचं नाही. तिला सांगायचं नाही, खुणा करायच्या नाहीत."

बाहेर एक बाक होता. ती टेकली. दार बंद झालं. दाराला डोक्याएवढ्या उंचीवर काच होती. आतून बाईंचा आवाज आला, "हा घे दुसरा कागद. कर, तुला हवं तसं." मग काहीच आवाज नाही. खुर्ची सरकल्याचा नाही, कागद कुरकुरल्याचा नाही. तिनं मांडीकडे पाहिलं. गोल आखलेला तो कागद तिच्याच हातात राहिला होता, आणि तिची नखं रेघेवरून, रेघ न सोडता, तो गोल अर्ध्यापर्यंत फाडत आली होती.

बाकावर दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा तिनं तुम्हालाच विचारलं, हे वाचत बसलेल्यांना:

"अहो, एवढं करता का माझं? जरा त्या काचेतून डोकावता? माझ्या ठकीनं कात्री हातात घेतली का, एवढंच बघा. मी डोकावले, तर ती हसेल."