फरशीचा दोष

मागच्या अंगणातल्या शेवटच्या फरशीवर भिंगरीने ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतलं आणि तारेचा ब्रश घेऊन ती अशी तुटून पडली, जणू त्या फरशीने तिचं घोडं मारलं होतं. तसं मारलंच होतं म्हणा. हिच्यावरच्या शेवाळावरूनच आत्या घसरून पडली. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण आत्या घराबाहेर पडली नाही ती नाहीच.

आत्या म्हणजे शाळेतल्या खेळाच्या बाई. मागच्या दारात खुर्ची टाकून, मैदानावर बसावं तशी ताठ बसली होती.

"सांधी बघ, भिंगरे. सांधीतच मुळं धरतं मेलं."

"बघतेय ना, बाई. जरा दम खाऊ द्या," भिंगरी वर्गातल्या पोरीच्या सुरात म्हणाली.

"आणि तो काळा डाग?"

"ती बुरशी. काल पावडरचा लेप थापून ठेवला, तरी ढिम्म. आज तिची कशी जिरवते बघ."

हातमोजे घालायचा तिला कंटाळा. बोटं पांढरीफटक पडून सुरकुतली होती, गुडघे सोलवटले होते, निळ्या फ्रॉकवर पांढरे ठिपके उमटले होते, आणि तरी स्वारी खुशीत होती. पायांचं कुणी विचारलं की आत्या सांगायची, "माझ्या पायांना काही धाड भरलेली नाही. आधी ती फरशी नीट करा." डॉक्टर बाबांना बाजूला घेऊन पायाच्या शिरेबद्दल काहीतरी पुटपुटले होते, पण भिंगरीचा विश्वास आत्यावर. कामावर परत येणार की नाही, ते शाळेला सोमवारी कळवायचं होतं. आत्याने "येणार" असं लिहूनही ठेवलं होतं.

भिंगरीने बादलीभर पाणी सोडलं. हिरवट काळा लोंढा मोरीत गेला आणि खालून फरशा निघाल्या त्या कालच बसवल्यासारख्या. बाबा आले. चप्पल काढून त्यांनी ओल्या फरशीवर टाच दाबून पाहिली, पुन्हा पाहिली.

"नाही घसरत," ते म्हणाले. आत्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

उन्हात फरशा बघता बघता वाळल्या. भिंगरीने दोन्ही हात पुढे केले.

"चल, आत्या. तुझ्यासाठी गालिचाच अंथरलाय समज."

आत्या वॉकरला धरून उठली. डावं पाऊल बाहेर पडलं, छान पडलं. उजवं दाराच्या आतच राहिलं. उशिरा आलेल्या पोरीकडे बघावं तसं आत्याने त्याच्याकडे रोखून बघितलं. अंगठा उंबऱ्याला घासला आणि तिथेच मुरगळून पडून राहिला. तिने पुन्हा जोर केला. तिच्या कपाळावर घाम आला. पाय आला नाही.

"ताई, पुरे," म्हणत बाबांनी तिला मागून धरलं.

"अगं, पण आता काहीच नाहीये तिथे," भिंगरी म्हणाली. "नखाएवढंसुद्धा ठेवलं नाही मी. बघ ना."

"दिसतंय मला."

आत्या खुर्चीत बसली. बराच वेळ ती त्या लखलखीत अंगणाकडे बघत राहिली. मग तिने भिंगरीचे हात ओढून मांडीवर घेतले आणि त्यांवरून अंगठा फिरवत म्हणाली,

"थोडं तरी राहू द्यायचं होतंस गं."