भरल्या ताटावरून
कॅनडात, व्हिटबीतल्या आमच्या बेसमेंटमध्ये माझी रूममेट मारिविक दर रविवारी सिनिगांग करायची: कोळंबी घातलेलं चिंचेचं सार. "सेलीन, एक घोट घेतला की मी फिलिपीन्सला आईच्या स्वयंपाकघरात असते," ती म्हणायची. मला त्यात वसईच्या घरची चव लागायची. जेवताना हॉस्पिटलमधून ड्यूटीचं बोलावणं आलं की मी अर्ध्यावर उठायचे आणि ती स्वतःचं ताट गोल फिरवायची. जेवण टाकून निघालेला माणूस सुखरूप पोचावा म्हणून मागे राहिलेल्यांनी आपलं ताट फिरवायचं, अशी त्यांच्याकडची रीत. "त्यापेक्षा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल कर," मी हसायचे. गेल्या रविवारी तिची एअरपोर्टची टॅक्सी लवकर आली. कॅल्गरीत नवी नोकरी. ती भरल्या ताटावरून उठली आणि मी गुपचूप माझं ताट फिरवलं. तिनं फ्रीजरमध्ये ठेवलेलं सार आज मी गरम केलं. दुसऱ्या घासाला हॉस्पिटलचा फोन वाजला. दारापर्यंत गेले, विंटर बुटांसकट परत आले आणि माझं ताट मीच फिरवलं.