उंबऱ्यावरचं पाणी

१९८४ साल. डॅलसच्या प्रयोगशाळेत नेवझात ईश्वरला पुन्हा रविवारचं जेवायला बोलावत होता आणि ईश्वर पुन्हा पोट बिघडल्याचं सांगत होता.

"तुझं पोट रविवारीच कसं बिघडतं रे? माझ्या आईकडे तर तीन दिवस मजेत जेवलास!"

ते खरं होतं. सुट्टी संपवून नागपूरहून परतताना ईश्वर मुद्दाम वाट वाकडी करून तुर्कस्तानातल्या नेवझातच्या आडगावी राहून आला होता. म्हातारीनं त्याला आपल्याच ताटात जेवू घातलं. पण निघताना त्यानं उंबरा ओलांडला मात्र, तिनं मागून तांब्याभर पाणी ओतलं. ईश्वरचे वडील पाटलाच्या ओट्यावरून उठले की तिथेही लगेच असंच पाणी पडायचं. आपली जात इतक्या लांब कळवली कुणी, एवढंच कोडं त्याला सुटत नव्हतं.

आज त्यानं विचारूनच टाकलं. "मी निघाल्यावर तुझ्या आईनं उंबरा का धुतला?"

"धुतला?" नेवझात बघतच राहिला. "अरे, घरचं माणूस निघालं की आम्ही मागून पाणी ओततो. पाण्यासारखं सुखानं वाहत जावं आणि तसंच परत यावं म्हणून. तुमच्याकडे नाही ओतत?"



"ओततात ना. आम्ही परत येऊ नये म्हणून," ईश्वर म्हणाला. "रविवारी किती वाजता येऊ?"