गांडुळं जेवत नाहीत

"आई, तुमची भाजी त्यांना घालू नका. त्रास होतो त्यांना," सून म्हणाली.

सासूबाईंच्या हातातली कढई गॅलरीच्या दारातच थांबली. तिच्या तळाला कालची वांग्याची भाजी उरली होती. समोर भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा मोठा डबा होता आणि डब्यात सुनेची गांडुळं. खतासाठी आणली होती. कुंड्यांमधली माती विटेसारखी कडक झाली होती, हे सासूबाईंनाही मान्य होतं. पण गांडुळांना आवडनिवड असते, हे त्या आजच ऐकत होत्या.

"त्रास? घरातली माणसं खातात ही भाजी."

"माणसांचा नाइलाज असतो."

आतल्या खोलीत सासऱ्यांनी पेपर जरा वर धरला.

"काय म्हणालीस?"

"मीठ, तिखट, तेल. त्यांचं अंग जळतं त्याने. साली घाला, चहाचा चोथा घाला. एवढंच म्हणाले मी."

"तू जेवताना माझ्या रश्शात गुपचूप पाणी ओततेस, ते बघत असते मी. स्वतः बोलायची हिंमत नाही, म्हणून आता किडे पुढे केलेस."

"किडे नाहीत ते."

"मग कोण, व्याही? चल, होऊन जाऊ दे. ही भाजी घालते आत. खाल्ली, तर हा डबा आजच कचऱ्याच्या गाडीत. नाही खाल्ली, तर ओटा तुझा. मी परत कढईला हात लावणार नाही."

सुनेने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराकडे. गांडुळांवर तिचा जीव होता. पण ओट्यावर जास्त होता, हे सासूबाईंना तिच्या तोंडावर स्वच्छ दिसलं.

"घाला," सून म्हणाली.

सासूबाईंनी कढई उपडी केली. पाहुण्यांना वाढताना घालतात तशी वरून कोथिंबीरही भुरभुरवली.

दुपारी घरात कुणाचाच डोळा लागला नाही. सासूबाई दोनदा डब्याला कान लावून आल्या. आत शांतता होती. गांडुळं मुकाट्याने जेवतात की जेवतच नाहीत, कळायला मार्ग नव्हता.

चहाच्या वेळेला तिघंही गॅलरीत जमली. सासूबाईंनी झाकण उचललं.

भाजी घातली तशीच होती. कोथिंबीरसुद्धा हललेली नव्हती. आसपास एक गांडूळ दिसेना. सगळी झाकणाला आतून चिकटली होती, एकमेकांत गुंतून, भाजीपासून जितकं लांब जाता येईल तितकी लांब. एक त्यातल्या त्यात धीट होतं. ते वरच्या भोकातून अर्धं बाहेर आलं होतं.

"सुटलं बिचारं," सासरे म्हणाले. ऑफिसात कुणाची चांगल्या गावी बदली झाली की निरोप देतात, त्या आवाजात.

"तुम्ही आत जा," सासूबाई म्हणाल्या. ते गेले.

"झाकण सावलीत धरा. उजेड सोसत नाही त्यांना," सून म्हणाली. यापलीकडे ती काही बोलली नाही. तिने भाजी खरवडून काढली, तेल-तिखट मुरलेला खालचा थर उपसला, ओला कागद फाडून अंथरला आणि एकेक गांडूळ अलगद आत सोडलं. सासूबाई झाकण धरून उभ्या राहिल्या. सुनेचं ते न बोलणं त्यांना शब्दन् शब्द ऐकू आलं.

मग सून हात धुऊन ओट्याशी गेली आणि तिने मिठाचा डबा उजवीकडून उचलून डावीकडे ठेवला.

रात्रीचं जेवण तिने केलं. रस्सा असा होता की वाटीच्या तळाला कोरलेलं नाव वाचता येत होतं. सासऱ्यांनी तो वाटीभर प्यायला, मग पुन्हा वाटीभर घेतला. बायकोकडे न बघता तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.

सासूबाईंनी घास मोडला नव्हता. त्या भरलं ताट घेऊन उठल्या आणि गॅलरीत गेल्या. झाकण सरकल्याचा आवाज आला.

सून पळीसकट धावली. "आई! अहो, काय करताय? शिजवलेलं कुणाचंच चालत नाही त्यांना!"

सुनेच्या रश्शातली एक चमचा भाजी डब्याच्या कोपऱ्यात पडली होती. वर कोथिंबीर होती. सासूबाईंनी झाकण लावलं, गॅलरीतला दिवा बंद केला आणि अंधारात स्टूल पुढे ओढून डब्याशी बसल्या.

"श्श," त्या म्हणाल्या. "जेवू दे त्यांना."