हिराच्या मशीनचा ताप

हिराचा लॅपटॉप पुन्हा बंद पडला. पडदा काळा झाला, पंख्याची घरघर थांबली आणि अर्ध्यावर आलेलं काम गेलं. तिनं तळाला हात लावला तर चटका बसला. त्यापेक्षा तवा परवडला, त्यावर निदान भाकरी तरी भाजते. चार शिव्या हासडाव्यात तर तेवढाही जोर तिच्यात उरला नव्हता.

दिवाळी झाली आणि तिच्या बापाला, राघूआबाला, अर्धांगाचा झटका आला. डावं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. हिरा पुण्याच्या कंपनीतून रजा काढून आपल्या गावी, आण्याला, आली आणि रजा संपल्यावर साहेबाच्या विनवण्या करून काम घरीच घेऊन बसली. त्या काळी आण्यात लॅपटॉप म्हणजे नवलाईच. खाटेला लागून स्टूल, स्टुलावर मशीन. एक डोळा कामावर, एक बापावर. घरात आई होती, भाऊ सोमनाथ होता, पण आबाला कुणावर टाकून जायला हिराचा जीव धजेना. थंडीत आबा आपला धड हात मशीनच्या बाजूच्या फटीशी धरायचा, तिथून गरम वारा यायचा. ते मशीनचं नाक आहे, फार वेळ झाकू नका, असं हिरानं त्याला समजावलं होतं.

मग कंपनीनं अपडेट धाडलं आणि मशीन तापायला लागलं. साहेबाला आयतंच निमित्त मिळालं. तो फोनवर म्हणाला, तिथं जमत नसेल तर मशीन घेऊन इकडेच ये. हैदराबादच्या कामावर तुझंच नाव घालायचंय, पण पहिल्या तारखेला समोर हजर पाहिजेस, नाहीतर दुसऱ्याचं जाईल. हिरा म्हणाली, दुसऱ्याचं घाला, मी बापाला सोडून यायची नाही. फोन ठेवून तिनं हे सगळं आईला सांगितलं. हैदराबादचं नाव घेताना तिचा आवाज जरा चिरकला. आबा छपराकडे बघत पडला होता.

कंपनीच्या पोरांनी फोनवर सांगून सांगून ते अपडेट काढायला लावलं. एक दिवस मशीन गार राहिलं. दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त पेटलं. हिरानं ते विटांवर चढवलं, खाली ओलं फडकं घातलं, टेबलफॅन लावला. वीज गेली की पुठ्ठ्यानं वारा घालत बसायची. आई म्हणाली, बापाची सेवा करायला आलीस का ह्या डबड्याची? रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय. पण खरा रोग कुठं आहे ते तेव्हा कुणाला कळावं?

त्यातच सोमनाथनं अंगणातल्या एका मेंढीच्या आचळाला शेण फासलं. कोकरू थोराड झालं होतं तरी आईचं दूध सोडत नव्हतं. त्यानं तोंड लावलं, तोंड वाकडं करून मागं सरलं आणि दिवसभर जे ओरडत सुटलं, की हिराच्या डोक्याची शकलं झाली. कशाला छळतोस त्या मुक्या जिवाला, म्हणून ती भावावर खेकसली. सोमनाथ नुसता हसला. बोलला तो आबा, खाटेवरून, एकेक शब्द ओढत.

"शेण लावलं न्हाई... तर ते चरायला... कवा जायाचं?"

आबा एका वेळी एवढं बोलला, याचाच हिराला आनंद. बरा होतोय माझा बाप, म्हणाली. काय बोलला तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

शेवटी ती एसटीनं आळेफाट्याला गेली. दुरुस्तीवाल्यानं मशीन उलटं करून खोललं, फटीत चिमटा घातला आणि काळ्या लोकरीचा एक बोळा ओढून काढला. उंदराचं काम दिसतंय ताई, तो म्हणाला. बाकी मशीनला धाड भरली नव्हती. बोळा निघाला तसं ते गार पडलं.

हिरानं बोळा हातात घेतला. त्याला पीळ होता. बारीक, घट्ट, मांडीवर वळलेला. उंदीर लोकरीला पीळ घालत नाही. जन्मभर मेंढरांमागं हिंडताना लोकर वळत आलेला माणूस घरात एकच होता.

एसटीत तिला आधी संताप आला. इथं मी रात्रंदिवस मरमर मरतेय आणि हा माणूस माझ्याच कामाचं नाक दाबून बसलाय. आळ्याच्या पुढं चढ लागला आणि तो संतापही दमला. आबाला आपण नकोशा झालो का, एवढंच तिच्या मनात उरलं, आणि ते संतापापेक्षा वाईट होतं.

ती घरी पोचली तेव्हा कोकरू कुंपणाशी सुबाभळीचा पाला ओरबाडत होतं. आईकडे बघतही नव्हतं. मेंढी मात्र तटतटलेल्या कासेनं एका जागी उभी राहून त्याच्याकडे बघत होती. हिरा आत गेली, खाटेच्या कडेला बसली आणि तिनं तो बोळा आबाच्या धड तळहातावर ठेवला.

"आबा, हे काय हाय?"

आबानं बोळा बोटांनी चाचपला. नाही म्हणाला नाही. त्याच्या डोळ्यांतलं पाणी लुळ्या गालावरून उशीत उतरलं.

"शेण हाय ते, पोरी," तो म्हणाला. "जा आता."