गोष्ट अडली तेव्हा

मोबाइलमधली म्हातारी एक वाक्य सांगायची आणि गप्प व्हायची. ठोंबरे बाईंनी नेटच्या नावानं बोटं मोडली. आठवडाभर शोधल्यावर लोककथांच्या एका वेबसाइटवर त्यांना आपल्याच तालुक्यातली गोष्ट सापडली होती. बाकीच्या गोष्टी चौथीच्या पोरांना तोंडपाठ. मागच्या गोष्टीच्या तासाला तर निम्मा वर्ग चक्क पेंगला होता. आणि आता ही अशी अडत अडत चाललेली!

“डोहात ऱ्हायची एक सुसर,” म्हातारी म्हणाली. पुन्हा शांतता. बाई मोबाइल बंद करणार, तेवढ्यात दारातून आवाज आला, “हं!”

शाळेची खिचडी शिजवणाऱ्या गजरामावशी हातात डाव घेऊन उभ्या होत्या. “नेट बरं हाय, बाई. ती हुंकाराची वाट बघतीया. ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हटल्याबिगर गोष्ट पुढं कशी जाईल?”

पुढच्या वाक्याला तीन पोरांनी ‘हं’ म्हटलं, त्याच्या पुढच्याला सगळ्या वर्गानं. म्हातारीही जणू ऐकूनच पुढे सांगत होती. करडू पाण्यावर आलं, सुसरीनं जबडा वासला, आणि नेमकं तिथंच रेकॉर्डिंग संपलं. पोरं हळहळली.

“पुढचं मला ठावं हाय,” मावशी म्हणाल्या.

बाईंनी त्यांना आपली खुर्ची दिली आणि मोबाइल समोर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. मावशींनी पदराला हात पुसले, पहिलं वाक्य सांगितलं आणि थांबल्या.

सगळ्यांच्या आधी ‘हं’ म्हणाल्या त्या ठोंबरे बाई.