दसऱ्यानंतरची काचपट्टी

प्रणालीने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि कपाळाला हात लावला. काचपट्टीवर एक पिवळाधमक, अंगभर काटे असलेला गोल कण होता. झेंडूचा पराग. आणि खडक तीस कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा पृथ्वीवर फूलच नव्हतं.

खडक हिमालयातल्या स्पितीचा होता. त्या काळी तिथे दलदलीचं रान होतं, असं प्रणालीचं म्हणणं. ते खरं ठरायला त्या रानातल्या नेच्यांचे बीजाणू खडकात सापडायला हवे होते. आतापर्यंतच्या साऱ्या काचपट्ट्या कोऱ्या निघाल्या. खडकाचा शेवटचा तुकडा आम्लात विरघळवून ही केली होती. ही वाया गेली तर प्रबंधाचा विषय सोडावा लागणार होता.

झेंडू कुठून आला हे उघड होतं. दसऱ्याला अमरावतीच्या या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा झाली होती. सूक्ष्मदर्शकाला घातलेला हार अजून खिडकीला लटकत होता. फुलं अंजनगावची, तिच्या बाबांच्या वावरातली. आज बाजारात फुलं घेऊन आलेले उत्तमराव लेकीला भेटायला समोरच स्टुलावर बसले होते.

"बाबा, तुमच्या झेंडूनं घात केला न माहा!"

"माह्या झेंडूनं? बाजारात त कोनी इचारलं नाई त्याले, अन् इथं गोट्यात घुसला?"

तेवढ्यात तिच्या मार्गदर्शक साधना मॅडम आल्या. त्यांनी भिंगाला डोळा लावला.

"रिकाम्या काचेवर नजर ठरत नाही, प्रणाली. आजवर तू भलत्याच पातळीवर भिंग लावून शोधत होतीस. या झेंडूवर ते नेमकं बसलंय. आता त्याच्या डावीकडे बघ."

प्रणालीने पाहिलं. तपकिरी, चपटा, त्रिकोणी कण. मधोमध तीन रेघा. त्याच्यामागे आणखी एक. मग झुंडच. हेच ती धूसर डाग समजून सोडून देत होती.

"हायेत, बाबा! जुन्या काचपट्ट्यांवरबी असतीन!" ती स्टुलावरून उठलीच.

उत्तमरावांनी चष्मा वर सारून पाहिलं. तपकिरी ते रानातले, पिवळा तुमचा, असं प्रणालीने सांगितलं.

"अन् येवढ्या मोठ्या रानात एकबी फूल नोतं म्हन्ता?"

"एकही नाही," मॅडम म्हणाल्या.

उत्तमरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"मंग लिहून घ्या मॅडम. पयलं आमच्या वावरातून गेलं."